आश्रमातील पदवीधर आणि त्याचा फावला वेळ

एखाद्या संस्थेची किंवा पंथाची परीक्षा तिच्या व्रतांवरून करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तिने काय वर्ज्य केले, काय आवश्यक ठरविले, प्रार्थना कोणत्या वेळी होई, सूत किती कातले जाई, हे चरित्रकार आवर्जून नोंदवितात. परंतु प्रार्थना आटोपल्यावर आणि कंदील मालविण्यापूर्वी तेथील माणसे कोणाशी बोलत, कशाने रमत, याकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः व्रत माणसाला संस्थेत आणते. पण त्याला तेथे टिकवून धरण्याचे काम बहुतकरून फावला वेळ करीत असतो. विशेषतः ज्याने तारुण्याची पाचसहा वर्षे महाविद्यालयात काढली आहेत अशा माणसाच्या बाबतीत हे अधिकच खरे होय. वर्धा जिल्ह्यात १९२१ पासून जे आश्रमजीवन उभे राहिले, त्याचा विचार या दृष्टीने करून पाहण्याचा येथे हेतू आहे.

प्रथम त्या काळच्या आपल्या पदवीधराची फुरसत कशी होती हे ध्यानी घ्यावे. पुण्यामुंबईस किंवा नागपुरास शिकलेल्या तरुणाच्या विरंगुळ्याची साधने ठरलेली होती. मित्रांबरोबर चहाचे दुकान, तेथे तासन् तास चालणारा वादविवाद, बालगंधर्वांचे नाटक, वाचनालयातील मासिके, आणि पुढे वकिली किंवा सरकारी नोकरी लागली म्हणजे क्लबातील टेनिस व पत्ते. या साऱ्यात चैनीचा भाग होता हे कबूल. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्यात समानशील माणसांची संगत होती. विद्यापीठाने त्याला पदवी दिली तशीच एक निराळी जातही दिली होती, आणि या जातीचे रोटीव्यवहार चहाच्या टेबलाभोवती चालत.

ही जात सोडून जे वर्ध्यास आले त्यांची यादी लहान नाही. १९२१ च्या एप्रिलमध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्याच्या सत्याग्रहाश्रमात आले. ते स्वतः पदवीधर नव्हते. इंटरच्या परीक्षेस निघालेला हा विद्यार्थी १९१६ साली वाटेतच सुरतेस उतरून काशीस गेला होता, आणि आपली प्रशस्तिपत्रे त्याने त्यापूर्वीच अग्नीच्या स्वाधीन केली होती. पुढे १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले, आणि १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगावी राहावयास गेले. तेव्हापासून विद्वानांची रीघ लागली. महादेव देसाई आणि किशोरलाल मश्रूवाला हे दोघेही बी. ए., एल्एल्. बी.; काकासाहेब कालेलकर फर्ग्युसनचे पदवीधर; प्यारेलाल १९२० साली एम्. ए. चा अभ्यास टाकून गांधीजींकडे आलेले. मगनवाडीचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे विलायतेत हिशेबतपासनिसाची सनद मिळवून पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज व कोलंबिया येथे शिकलेले. शिक्षणाच्या कार्यासाठी शांतिनिकेतनातून आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य आले, आणि १९३९ च्या सुमारास दिल्लीत वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या डॉ. सुशीला नय्यर आल्या. सेगावची वस्ती त्या वेळी सहाशेच्या आसपास, त्यात हरिजनांचा भरणा मोठा. रस्ता कच्चा आणि हिवतापाचा सुळसुळाट एवढा की पहिल्याच वर्षी खुद्द गांधीजींना वर्ध्याच्या इस्पितळात पडून राहावे लागले. अशा ठिकाणी कोलंबियाचा पदवीधर सायंकाळी काय करीत असेल, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण ताडून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ याने मॉर्मन पंथ स्थापन केला. १८३३ मध्ये या पंथाने मद्य, तंबाखू आणि चहाकॉफीसारखी उष्ण पेये अनुयायांस निषिद्ध सांगितली. लोकांचा रोष ओढवून १८४४ मध्ये स्मिथ मारला गेला, आणि १८४७ साली ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखाली ही मंडळी युटाच्या ओसाड खोऱ्यात येऊन वसली. येथवरची हकीकत कोणत्याही तपस्वी पंथाची शोभावी अशीच आहे. पुढची मात्र तशी नाही. वसाहतीस सहा वर्षे होतात न होतात तोच त्यांनी नाचगाण्यासाठी व नाट्यप्रयोगांसाठी एक सभागृह उघडले, आणि १८६२ मध्ये सॉल्ट लेक येथे एक मोठे नाट्यगृह उभे केले. ज्या समाजाने चहाचा पेला हिरावून घेतला त्यानेच आपल्या तरुणांस रंगभूमी दिली. १८७५ साली प्रोव्हो येथे त्यांनी काढलेल्या विद्यालयाचे पुढे ब्रिगम यंग यांच्या नावाचे मोठे विद्यापीठ झाले. तेथील विद्यार्थ्यांस आजही दारू, तंबाखू, चहा, कॉफी ही सारी वर्ज्य आहेत. पण अविवाहित विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र उपासनामंडळ्या आहेत आणि सोमवारची सायंकाळ गप्पागोष्टींसाठी व खेळांसाठी राखून ठेवलेली असते. निषेधाने जी जागा रिकामी होते ती आपणच भरली पाहिजे, एरवी ती दुसरे कोणी भरील, हा व्यवहार या पंथाने नेमका ओळखला होता.

आता सेवाग्रामकडे वळू. (सेगावचे हे नामांतर १९४० साली झाले, शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा हे त्याचे एक कारण.) तेथे पहाटे चारला उठणे, मग प्रार्थना, मग झाडलोट, दळण, पाणी, स्वयंपाक, अकराच्या सुमारास जेवण, पाचच्या सुमारास दुसरे जेवण, सायंप्रार्थना आणि लौकर निजणे. अस्वाद हे व्रतांपैकी एक असल्यामुळे जेवणाच्या पंगतीत रुचीची चर्चा संभवत नसे. १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन लेखक लुई फिशर आठवडाभर तेथे राहिला. शिजवून लगदा झालेल्या भाज्यांना तो लौकरच कंटाळला, आणि वऱ्हाडच्या शेजारचा तो उन्हाळा सोसेना म्हणून पाण्याच्या टबात खोके ठेवून त्यावर बसून त्याने आपले टंकलेखन केले. पाहुण्यास हे चालून गेले. आश्रमवासीयास असली तोड काढण्याची मुभा नव्हती. सोमवारी गांधीजींचे मौन असे. युटातील सोमवार संभाषणासाठी राखलेला आणि सेवाग्रामातील सोमवार मौनासाठी राखलेला, हा योगायोग असला तरी दोन वृत्तींतील अंतर त्यातून चांगले प्रतीत होते.

याचा अर्थ आश्रमात आनंदाची साधने नव्हती असा मात्र कोणी करू नये. पहिले साधन म्हणजे संगीत. पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीस जी भजनावली सिद्ध केली आणि जी चाल घालून दिली, ती पुढे सेवाग्रामातही नांदली. गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे, कुराणातील वचने, एका जपानी भिक्षूमुळे प्रार्थनेत आलेला बौद्ध मंत्र, आणि निरनिराळ्या भाषांतील भजने, असा तो मेळ होता. दिवसभर हिशेब किंवा पत्रे लिहून थकलेल्या पदवीधरास उघड्या आकाशाखाली वाळूवर बसून मिळणारा हा अर्धा तास नाट्यगृहातील रात्रीपेक्षा उणा होता असे म्हणवत नाही. दुसरे साधन म्हणजे फिरणे. गांधीजी सकाळ-सायंकाळ फिरावयास निघत तेव्हा त्यांच्याबरोबर चालणाऱ्यांत नेते असत, रोगी असत, मुले असत. शंका विचारण्याची, थट्टा करण्याची आणि थट्टा करून घेण्याची मोकळीक या चालण्यात जितकी होती तितकी दुसऱ्या कोणत्याही वेळी नसे. तिसरे साधन म्हणजे शुश्रूषा. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित. महारोगाने ग्रासल्यामुळे समाजाने दूर लोटलेले. १९३९ नंतर त्यांना आश्रमात जागा मिळाली आणि गांधीजी स्वहस्ते त्यांचे अंग चोळीत. अशा रोग्यापाशी बसून संस्कृताची दोन अक्षरे ऐकणे हा सेवेचा भाग होता की विरंगुळ्याचा, याचा निवाडा करणे कठीण आहे. आर्यनायकम् दांपत्यामागून शांतिनिकेतनचा वारा येतच राहिला होता. १९४४ साली तेथूनच शिकून आलेले देवीप्रसाद सेवाग्रामास कलाशिक्षक झाले, आणि चित्र व कुंभारकाम यांनी नयी तालीमच्या मुलांच्या हातांस, व अर्थात शिक्षकांच्याही हातांस, एक नवा छंद लाविला.

एवढे असूनही एक उणीव राहिलीच, आणि ती संगतीची नव्हे, एकांताची होती. आश्रमात सर्व काही सामुदायिक: काम, जेवण, प्रार्थना आणि पुष्कळदा दुखणेसुद्धा. स्वयंपाकघरातील कुरबुरी, रुसवेफुगवे, कोणी कोणाशी बोलत नाही अशा तक्रारी यांनी गांधीजींचा त्या वर्षांतील पत्रव्यवहार भरलेला आहे. आणि देशाच्या राजकारणाचा गाडा ओढणारा हा वृद्ध पुरुष त्या एकेका चिठ्ठीस उत्तर देत बसे. माणसे दुष्ट होती म्हणून हे घडत होते असे नाही. ज्यांना दाराआड बसून एक पुस्तक वाचण्यास किंवा नुसते आढ्याकडे पाहत पडण्यास वेळ मिळत नाही, त्यांच्या मनातील वाफ स्वयंपाकघरातच बाहेर पडावयाची. महादेवभाईंचे उदाहरण तर मनास चटका लावणारे आहे. त्यांचे बिऱ्हाड मगनवाडीस आणि काम सेगावी. म्हणून वर्ध्याच्या उन्हात जाऊनयेऊन दहाअकरा मैलांची ही चाल ते नित्य चालत. या माणसाच्या दिवसात हाती कागद नसलेला जर काही वेळ असेल तर तो बहुधा या वाटेवरचाच. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान महालात स्थानबद्ध असता त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास होते.

यावर असा आक्षेप येईल की ज्याला काम हीच पूजा आहे त्याला फुरसतीची गरजच काय? एका कामाचा शीण दुसऱ्या कामाने जातो, हे आश्रमाचे तत्त्वच होते. आणि विनोबांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरले. १९३८ च्या मार्चमध्ये प्रकृती पार ढासळल्यामुळे ते पवनारला धाम नदीच्या काठी जमनालालजींच्या बंगल्यात राहावयास आले. विश्रांती म्हणून त्यांनी काय केले, तर रोज थोडी थोडी जमीन खणली. प्रकृती सुधारली, आणि त्या खणण्यात जुन्या मूर्ती सापडल्या. भरत-राम भेटीचे प्रसिद्ध शिल्प त्यांपैकीच एक होय. परंतु हे उदाहरण नीट पाहिले तर आक्षेपकाच्या बाजूचे न राहता आपल्याच बाजूस येते. पवनार सेवाग्रामापासून निराळे होते. विनोबांनी आपला मुक्काम आधी नालवाडीस व मग पवनारास ठेवून आपल्या दिनक्रमाची मालकी स्वतःकडे राखली होती. ‘गीताई’ त्यांनी वर्ध्यातच, १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत लिहिली, ती अशा राखलेल्या वेळातच. ज्याला हे राखता आले तो फुलला. ज्याला राखता आले नाही तो झिजला.

आणि मग इतिहासाने या प्रश्नास आपले एक विलक्षण उत्तर दिले. आश्रमाने पदवीधरास जी फुरसत दिली नाही, ती सरकारने दिली. वर्ध्याच्या या विद्वानांचे ग्रंथ कोठे लिहिले गेले ते पाहावे. विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी झाली. ती ऐकावयास जमनालालजी होते आणि ती उतरून घ्यावयास एम्. ए. झालेले साने गुरुजी होते. महादेवभाईंनी गांधीजींच्या गीतेचे इंग्रजी रूपांतर व त्याची दीर्घ प्रस्तावना १९३३-३४ च्या कारावासात सिद्ध केली. विनोबांनी दक्षिणेकडील भाषांचा अभ्यास १९४२ नंतर वेलोरच्या तुरुंगात केला, आणि स्थितप्रज्ञावरील त्यांची व्याख्याने १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात झाली. कुमारप्पांनी येशूच्या शिकवणीवरील आपले पुस्तक आणि शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ हे दोन्ही जबलपूरच्या तुरुंगात लिहिले. १९४५ साली त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिताना, ही दोन्ही तुरुंगातील निपज असल्याचे गांधीजींनीच नमूद केले आहे, आणि कुमारप्पांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर अशी एक नवी पदवीही गमतीने बहाल केली आहे. मंडालेच्या ‘गीतारहस्या’ची परंपरा महाराष्ट्रास ठाऊकच आहे, पण लोकमान्यांना बाहेर राजकारणाने वेळ दिला नाही, तर या मंडळींना तो त्यांच्या स्वतःच्या आश्रमाने दिला नाही. तुरुंगात भिंती होत्या, अन्न वाईट होते, आप्तांचा वियोग होता. परंतु तेथे दुपार आपली होती आणि शेजारच्या कोठडीत बोलण्याजोगा मित्र होता. एकांत आणि समानशील संगत या ज्या दोन गोष्टी शिकलेल्या मनास लागतात, त्या दोन्ही परक्या सरकारच्या बंदिवासात एकत्र मिळाव्या आणि स्वखुशीने पत्करलेल्या आश्रमात मिळू नयेत, हे त्या आश्रमाच्या चाहत्यांनीच विचारात घेण्यासारखे आहे.

गांधीजींच्या निधनानंतर आणि १९५१ मध्ये विनोबा भूदानाच्या यात्रेस लागल्यानंतर सेवाग्रामची गर्दी ओसरत गेली. कार्यकर्ते पांगले, काही यात्रेत गेले, काही संसारात गेले. या ओहोटीची मोठी कारणे राजकीय व आर्थिक आहेत आणि ती अन्यत्र पुष्कळ चर्चिली गेली आहेत. त्यांत एका लहान कारणाची भर घालावीशी वाटते: एका महापुरुषाच्या सहवासावर ज्यांची सारी सायंकाळ उभी होती, त्यांना त्याच्यामागे एकमेकांबरोबर सायंकाळ घालविण्याची सवय राहिली नव्हती. १९५९ साली विनोबांनी पवनारास स्त्रियांसाठी ब्रह्मविद्यामंदिर स्थापन केले तेव्हा कोणा एका व्यक्तीच्या आज्ञेऐवजी सर्वांच्या सहमतीने तेथील कारभार चालावा असे ठरविले, त्यात या अनुभवाचा बोध असावा असे मला वाटते.

प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्राम येथेच वैद्यकीय महाविद्यालय काढले. नव्या विद्यार्थ्यांनी प्रारंभीचे पंधरा दिवस आश्रमात काढावे, खादी वापरावी, मांसाहार, दारू व तंबाखू यांपासून दूर राहावे, श्रमदान करावे, सर्वधर्मप्रार्थनेस यावे, आणि प्रत्येक तुकडीने एक गाव आपले मानावे, असा परिपाठ तेथे घालून देण्यात आला. १९७४ पासून तर सबंध वर्धा जिल्ह्यातच दारूबंदी आहे. १९९७ च्या कायद्याने वर्ध्यास हिंदी विद्यापीठ आले आणि दूरदूरच्या प्रांतांतील पदव्युत्तर विद्यार्थी या लहानशा शहरी येऊ लागले. थोडक्यात, युटातील प्रोव्होप्रमाणेच वर्धाही आज असे एक ठिकाण आहे की जेथे परगावचा, कित्येकदा परधर्माचा आणि परभाषेचा पदवीधर दुसऱ्या कोणाच्या तरी व्रतांच्या छायेत आपली दोनचार वर्षे काढतो.

अशा विद्यार्थ्याची अडचण व्रतांची नसते. महाविद्यालयात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास हे निश्चयपूर्वक सांगता येते की तरुण माणूस चहावाचून राहू शकतो, जाड कापड अंगावर घालू शकतो आणि पहाटे उठूही शकतो. आपल्या वाटणाऱ्या चार माणसांवाचून मात्र तो राहू शकत नाही. प्रोव्होसारख्या गावात सारी ओळखपाळख उपासनामंडळीच्या दारातून होत असल्यामुळे त्या पंथाबाहेरच्या विद्यार्थ्याचा रविवार सुना जाण्याचा संभव असतो. सेवाग्रामात रात्रभर रुग्णालयात जागलेल्या तरुण डॉक्टरास प्रार्थनेची घंटा बोलावते. पण प्रार्थनेनंतर त्याला कोण बोलावतो? ज्याला कोणी बोलावीत नाही तो नियम मोडण्याआधी मनाने तेथून निघून गेलेला असतो.

म्हणून अशा संस्थांच्या चालकांनी आपल्या नियमावलीशेजारी आणखी एक हिशेब ठेवावा असे सुचवावेसे वाटते. आपण काय काय वर्ज्य केले याची यादी एका बाजूस लिहावी, आणि त्या प्रत्येकाच्या बदली काय दिले याची दुसऱ्या बाजूस. चहाचे दुकान काढून घेतले असेल तर बसावयास एखादा पार दिला आहे काय? नाटक नको असेल तर गाणे आहे काय? गावाच्या सेवेस पाठविता, तर त्याच गावात विनाकारण, नुसते गप्पा मारण्यास जाण्याइतकी सवड ठेवली आहे काय? आणि या सर्वांनंतर, ज्यात कोणीही काहीही विचारणार नाही असा दिवसातील एक तास त्याच्या हाती उरतो काय? मॉर्मन वसाहतकारांनी पहिले तीन प्रश्न ओळखले होते. सेवाग्रामने त्यांची उत्तरे आपल्या परीने, आणि कधी कधी फार सुंदर, दिली होती. चौथ्याचे उत्तर मात्र धुळे, वेलोर, शिवनी आणि जबलपूर येथील भिंतींनी दिले. तुरुंगावाचून ते देता येणे शक्य आहे, हे पवनारच्या नदीकाठी एका माणसाने कुदळीने दाखवून ठेवले आहेच.